डीकॅफ कॉफीला गाव कसे मिळाले

१९८८ या एकाच वर्षात कॉफीच्या व्यापारात दोन गोष्टी घडल्या. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, व्हँकुव्हरला खेटून असलेल्या बर्नबी इथे एक कारखाना सुरू झाला. कॉफीच्या कच्च्या दाण्यांतले कॅफिन रासायनिक द्रावकाविना, पाणी आणि कोळसा वापरून काढून टाकायचे, एवढेच त्याचे काम. त्याच वर्षी १५ नोव्हेंबरला नेदरलँड्समध्ये एका नव्या कॉफीचे पहिले पाकीट राणी बिआट्रिक्स यांचे पती प्रिन्स क्लाउस यांच्या हाती समारंभपूर्वक देण्यात आले. पाकिटावर ‘मॅक्स हॅवेलार’ अशी मोहोर होती आणि या कॉफीमागे मेक्सिकोच्या वाहाका राज्यातल्या डोंगराळ भागातील आदिवासी शेतकऱ्यांचा संघ उभा होता.

या दोन घटनांचा तेव्हा एकमेकींशी सुतराम संबंध नव्हता. त्या एकत्र यायला पुढची दहा-पंधरा वर्षे जावी लागली. आज युरोप-अमेरिकेतल्या चांगल्या कॉफीच्या दुकानात डीकॅफच्या पाकिटावर शेतकरी संघाचे नाव, डोंगराचे नाव आणि कॅफिन काढण्याची पद्धत या तिन्ही गोष्टी छापलेल्या दिसतात. त्यात कुणाला नवल वाटत नाही. पण डीकॅफचा धंदा सुरू झाल्यापासून पुढची नव्वदेक वर्षे ही निनावी कॉफी होती. ती कुठल्या कारखान्यातून आली हे सगळ्यांना ठाऊक असे. कुणाच्या शेतातून आली, हे कुणी विचारत नसे.

मांजर, कवी आणि बंदरातला व्यापारी

कॅफिनचा शोध लागला तो येना या जर्मन विद्यापीठाच्या गावात. फ्रीडलिब फर्डिनांड रुंगे हा पंचविशीतला रसायनशास्त्रज्ञ बेलाडोना वनस्पतीच्या अर्काने डोळ्याची बाहुली विस्फारते, हे मांजरावर प्रयोग करून दाखवत असे. ही गोष्ट सत्तरीतल्या गटेच्या कानावर गेली. गटे कवी खराच, पण वनस्पती आणि रंग यांच्या शास्त्रातही त्याला विलक्षण रस. ऑक्टोबर १८१९मध्ये रुंगे काखोटीला मांजर मारून त्याला भेटायला गेला. प्रयोग पाहून खूश झालेल्या गटेने निरोप देताना कॉफीच्या दाण्यांची एक डबी त्याच्या हाती ठेवली आणि यातही काय सापडते ते बघा म्हणून सुचवले. थोड्याच काळात रुंगेने त्या दाण्यांतून कॅफिन वेगळे केले.

शोध लागला, पण त्याचा व्यापार व्हायला ऐंशी-पंच्याऐंशी वर्षे जावी लागली. तो केला ब्रेमेन बंदरातल्या लुडविग रोझेलियुस या कॉफीच्या व्यापाऱ्याने. त्याचे वडीलही याच धंद्यात होते. ते १९०२मध्ये साठीच्या आतच गेले आणि अतिरेकी कॉफीपानाने त्यांचा बळी घेतला, अशी मुलाची समजूत झाली. पुढे समुद्राच्या पाण्यात भिजलेला कॉफीचा माल त्याच्याकडे आला, त्यातले कॅफिन घटले होते पण चव बरीचशी टिकून होती आणि त्यावरून त्याला युक्ती सुचली, असे सांगतात. जहाजाची कथा व्यापाऱ्याच्या तोंडची असल्याने ती थोडी हातचे राखूनच ऐकावी. मात्र त्याने सहकाऱ्यांसह बसवलेली पद्धत पक्की होती. कच्चे दाणे वाफेने फुगवायचे आणि मग बेंझीनने त्यांतले कॅफिन धुऊन काढायचे. १९०६मध्ये ‘काफे हाग’ ही कंपनी उभी राहिली. ब्रेमेनच्या बंदरात तिचा प्रबलित काँक्रीटचा कारखाना झाला आणि पाकिटावर बुडत्याला वाचवणारे लाल कडे झळकू लागले. हृदयाला जपणारी कॉफी म्हणून ती खपली. ज्या बेंझीनने ती धुतली जाई, ते स्वतःच कर्करोगाला कारण होते, हे कळायला पुढची कित्येक वर्षे लागली.

त्याच १९०६ सालच्या फेब्रुवारीत ब्राझीलमधल्या ताउबाते या गावी साओ पाउलो, मिनास जेराइस आणि रिओ दी जानेरो या तीन राज्यांनी एक करार केला. पीक इतके उदंड आले होते की भाव कोसळू नये म्हणून सरकारने कॉफी विकत घेऊन कोठारात अडवून ठेवायची, असे त्यात ठरले. जगाची बहुतेक कॉफी तेव्हा ब्राझीलच्या प्रचंड मळ्यांतून येई आणि तिथे इटलीहून आणलेली मजुरांची कुटुंबे राबत. ग्वाटेमालाच्या आल्ता वेरापास प्रांतात तर जर्मन मळेवाल्यांचेच राज्य होते. १८७७च्या कायद्याने तिथल्या माया गावांना मळ्यांसाठी मजूर पुरवणे भाग पडले होते. हांबुर्ग आणि ब्रेमेनच्या धक्क्यांवर उतरणाऱ्या पोत्यांवर मळेवाल्याची किंवा बंदराची खूण असे. लहान शेतकऱ्याचे नाव पोत्यावर येण्याचा प्रश्नच नव्हता. डीकॅफच्या कारखान्यात तर ही खूणही पुसली जाई, कारण तिथे माल एकत्र मिसळून धुतला जात असे.

चव गेली तरी चालेल

पहिल्या महायुद्धात अमेरिकन सरकारने शत्रूची मालमत्ता म्हणून रोझेलियुसचा तिथला कारभार जप्त केला. त्याची कॉफी मात्र ‘सांका’ या नावाने तिथे टिकली. १९३२मध्ये जनरल फूड्सने ती विकत घेतली आणि तिच्या पाकिटाचा नारिंगी रंग इतका रुळला की आजही अमेरिकेतल्या साध्या उपाहारगृहांत डीकॅफच्या किटलीचा दांडा नारिंगी असतो.

पुढची पन्नास वर्षे द्रावक बदलण्याची होती. बेंझीन मागे पडले, ट्रायक्लोरोइथिलीन आले. १९७०च्या दशकात उंदरांवरच्या प्रयोगांत तेही संशयाच्या फेऱ्यात सापडल्यावर मिथिलीन क्लोराइडने त्याची जागा घेतली. मिथिलीन क्लोराइड अवघ्या ४० अंश सेल्सिअसला उकळते आणि दाणे भाजले की उडून जाते, हे त्याचे समर्थन. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डीकॅफमध्ये त्याचा अंश दहा लाखांत दहा भागांपेक्षा अधिक नसावा अशी मर्यादा घातली. हेच रसायन केसांच्या फवाऱ्यात वापरायला मात्र त्याच प्रशासनाने १९८९मध्ये बंदी केली. प्यायला चालते आणि केसांना चालत नाही, याचा उलगडा सामान्य ग्राहकाला होणे कठीणच होते.

दरम्यान जर्मनीतल्या म्युलहाइम इथे माक्स प्लांक संस्थेत कुर्ट त्सोझेल या शास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात वेगळीच वाट शोधली होती. कार्बन डायऑक्साइडवर ३१ अंशांच्या वर तापमानात प्रचंड दाब दिला की तो धड वायूही राहत नाही आणि धड द्रवही होत नाही. या अवस्थेत तो दाण्यांत शिरतो आणि चवीच्या घटकांना फारसा हात न लावता कॅफिन घेऊन बाहेर पडतो. पद्धत उत्तम, पण तिच्यासाठी लागणारी पोलादी पात्रे आणि यंत्रे इतकी महाग की मोठ्या कंपन्यांनाच ती परवडावीत. एका वेळी टनावारी माल घातला तरच हिशेब जुळे.

या काळातल्या डीकॅफची चव वाईट असे, याचे खापर सहसा रसायनांवर फोडले जाते. ते अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे कारण खरेदीत होते. डीकॅफ पिणारे थोडे आणि ते प्रकृतीच्या कारणाने पिणार, तेव्हा त्यांना चवीचे काय, असा व्यापाऱ्यांचा होरा. चांगली कॉफी धुण्यात पैसे कशाला घालवायचे? मग जुना पडलेला, हलक्या प्रतीचा माल कारखान्याकडे जाई. काढलेले कॅफिन शीतपेयांच्या आणि औषधांच्या कंपन्यांना विकले जाई, तेव्हा दुप्पट कॅफिनची रोबस्टा जातीची स्वस्त कॉफी घेणे दोन्हीकडून फायद्याचे ठरे. धुतलेला दाणा मुळातच नाजूक असतो. तो हिरवा न राहता तपकिरी होतो, त्यामुळे भाजताना रंगावरून अंदाज येत नाही. त्यावरचे पातळ साल गेलेले असते, तो लवकर काळवंडतो आणि लवकर शिळाही होतो. अशा दाण्याला जास्त सांभाळावे लागते. प्रत्यक्षात त्याची सगळ्यांत जास्त हेळसांड झाली.

डोंगरावरची माणसे

याच काळात लॅटिन अमेरिकेच्या डोंगरांवर काय चालले होते, ते पाहायला हवे.

कोलंबियात कॉफी मुख्यतः लहान शेतकऱ्याच्या हाती होती. अँतिओकियातून दक्षिणेकडे सरकलेल्या कुटुंबांनी जंगल तोडून वस्त्या केल्या, १८४९मध्ये मानिसालेस शहर वसवले आणि उतारांवर कॉफी लावली. १९२७मध्ये कोलंबियाच्या कॉफी उत्पादकांचा राष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. आजही तिथे पाच लाखांहून अधिक कुटुंबे कॉफी पिकवतात आणि बहुतेकांची लागवड पाच हेक्टरांच्या आतच आहे.

त्याच देशाच्या नैर्ऋत्येला काउका प्रांतात चित्र वेगळे होते. तिथल्या नासा आणि मिसाक या आदिवासींच्या जमिनी मोठ्या जमीनदारांनी गिळल्या होत्या. राहायला आणि कसायला तुकडा मिळावा म्हणून त्या बदल्यात आठवड्यातले काही दिवस मालकाच्या शेतात फुकट राबावे लागे. १९७१मध्ये तोरिबियो इथे आदिवासी एकत्र आले आणि काउका प्रादेशिक आदिवासी परिषद स्थापन झाली. गेलेली जमीन परत घ्यायची आणि हा श्रमाचा खंड द्यायचा नाही, या तिच्या पहिल्या मागण्या. त्यांच्या कित्येक कार्यकर्त्यांना जीव गमवावा लागला, पण जमिनी हळूहळू परत आल्या. आज ‘काउकातल्या लहान शेतकऱ्यांची कॉफी’ असे पाकिटावर छापलेले असते, तेव्हा त्यातल्या ‘शेतकरी’ या शब्दामागे हा लढा आहे. तो झाला नसता तर ही माणसे अजून कुणाच्या तरी मळ्यावरचे गडी असती.

मेक्सिकोत जमीन होती, पण रस्ता नव्हता. वाहाकाच्या डोंगरात सापोतेक आणि मिखे कुटुंबे झाडांच्या सावलीत थोडी थोडी कॉफी लावत. माल खेचरावर लादून खाली आणायचा आणि दलाल देईल तो भाव घ्यायचा. या दलालांना तिथे ‘कोयोते’ म्हणतात, म्हणजे आपल्याकडच्या कोल्ह्यासारखा प्राणी. सरकारी कॉफी संस्था खरेदी करी, पण तिच्या मापाला आणि वेळेला भरवसा नसे. अशा भागात १९८०मध्ये फ्रान्स फान देर होफ हा डच धर्मगुरू येऊन राहिला. तो स्वतः मजुरी करून राहणारा पाद्री होता. गावकऱ्यांबरोबर बसून त्याने हिशेब मांडले आणि भाव कुठे कुठे झिरपतो ते सगळ्यांना दिसले. त्यातून १९८३मध्ये ‘उसिरी’ हा आदिवासी समुदायांचा संघ उभा राहिला. शेतकऱ्यांनी आपला माल एकत्र केला आणि दलालाला वळसा घालून थेट परदेशी ग्राहक शोधायला सुरुवात केली.

फान देर होफ याने मायदेशातल्या निको रोझेन या सॉलिदारिदाद संस्थेच्या कार्यकर्त्याशी संधान बांधले. देणग्या नकोत, मालाला वाजवी भाव द्या, असे शेतकऱ्यांचे म्हणणे होते. चर्चच्या आवारात भरणाऱ्या मदतजत्रेत चार पाकिटे विकून ते साधणार नव्हते. कॉफी नेहमीच्या दुकानात, नेहमीच्या फळीवर ठेवली पाहिजे आणि तिच्यावर विश्वासाची मोहोर पाहिजे, ही त्यांची कल्पना. मोहोरेला नाव दिले ते मुल्तातुलीच्या १८६०च्या कादंबरीच्या नायकाचे. जावा बेटावर डच सरकार शेतकऱ्यांकडून सक्तीने कॉफी पिकवून घेई, त्याविरुद्ध उभा राहिलेला हा अधिकारी डच वाचकांना शाळेपासून ठाऊक होता. हीच ती १५ नोव्हेंबर १९८८ची मोहोर.

भाव कोसळला

मुहूर्त काढल्यासारखे संकट आले. १९६२पासून आंतरराष्ट्रीय कॉफी करार चालू होता. कोणत्या देशाने किती कॉफी निर्यात करायची, याचा वाटा त्यात ठरलेला असे आणि त्यामुळे भाव एका मर्यादेत राहत. जुलै १९८९मध्ये ही वाटपाची पद्धत मोडली. अमेरिकेला तिची राजकीय गरज उरली नव्हती आणि उत्पादक देशांचे आपसात पटत नव्हते. कोठारांत अडवलेली कॉफी बाजारात आली आणि काही महिन्यांत भाव निम्म्याच्या आसपास घसरला. मेक्सिकोने आपली सरकारी कॉफी संस्थाही पुढच्या चार-पाच वर्षांत गुंडाळली. मग व्हिएतनामचे पीक वाढले आणि २००१मध्ये न्यूयॉर्कचा भाव पौंडाला ५० सेंटच्याही खाली गेला. मॅक्स हॅवेलारसारख्या न्याय्य व्यापाराच्या मोहोरेखाली विकणाऱ्या संघांना तेव्हा पौंडाला १२१ सेंट आणि वर ५ सेंट सामुदायिक कामासाठी मिळत होते. अर्थात सगळा माल त्या भावाने विकला जात नसे, कारण तेवढे गिऱ्हाईकच नव्हते. तरीही संघात असणे आणि नसणे यातला फरक या एका आकड्याने घरोघर कळला.

संघांनी मग हेरले की मोहोर पुरेशी नाही, मालाचे प्रकार वाढवले पाहिजेत. सेंद्रिय प्रमाणपत्र हा एक मार्ग होता. डीकॅफ हा दुसरा. ज्या भाजणाऱ्यांनी न्याय्य व्यापाराची कॉफी विकायला घेतली होती, त्यांच्या गिऱ्हाइकांत डीकॅफ मागणारे बरेच असत आणि त्या गिऱ्हाइकांना द्रावकांची धास्तीही होती. शेतकऱ्याला नीट भाव द्यायचा आणि त्याच पिकावर मिथिलीन क्लोराइड ओतायचे, हे त्यांच्या पचनी पडेना. इथे बर्नबीचा कारखाना उपयोगी पडला.

त्याची पद्धत मूळची स्वित्झर्लंडमधली. कच्चे दाणे गरम पाण्यात भिजवले की कॅफिनबरोबर साखरा, आम्ले आणि चवीचे इतर घटकही पाण्यात उतरतात. ते पाणी विशिष्ट प्रकारच्या कोळशातून गाळले की कॅफिन कोळशात अडकते आणि बाकीचे पाण्यात राहते. आता या चवीने काठोकाठ भरलेल्या पाण्यात दाण्यांचा नवा घाणा घातला, तर दाण्यातली चव बाहेर यायला पाण्यात जागाच नसते. जागा असते ती फक्त कॅफिनला. आठ-दहा तासांत ते निघून जाते. युक्ती साधी आहे आणि सेंद्रिय प्रमाणपत्राला तिची आडकाठी नाही.

अडचण होती ती मापाची. एका कंटेनरमध्ये साधारण १९ टन कॉफी मावते. दोन हेक्टरवाल्या शेतकऱ्याचे वर्षाचे पीक त्याच्या एका कोपऱ्यात बसेल. कारखाना कुणा एकट्यादुकट्यासाठी पात्र लावणार नाही. म्हणून डीकॅफवर एकट्या शेतकऱ्याचे नाव येण्याआधी संघाचे नाव आले. शंभर-दोनशे घरांचा माल एकत्र करून, एका प्रतीचा करून, कंटेनर भरण्याची ताकद संघाकडेच होती. डीकॅफची ओळख जपण्याची पहिली अट सहकार ठरली ती अशी.

कारखाना डोंगराजवळ

पुढचे पाऊल अधिक महत्त्वाचे. कॅफिन काढण्याचे काम कॉफी पिकवणाऱ्या देशांतच होऊ लागले. मेक्सिकोत वेराक्रूस राज्यातल्या कोर्दोबा शहरात देस्कामेक्स हा कारखाना पाण्याच्याच पद्धतीने काम करतो. देशातल्या सर्वांत उंच शिखराच्या, ५,६३६ मीटर उंचीच्या पिको दे ओरिसाबाच्या पाण्याशी त्याने आपल्या पद्धतीचे नाव जोडले आहे. त्याच देशातल्या चियापास राज्यातल्या संघांना आता डीकॅफसाठी माल समुद्रापार पाठवायची सक्ती उरली नाही.

कोलंबियात हे काम मानिसालेसच्या देस्काफेकोलमध्ये होते आणि तिथली तऱ्हा मराठी वाचकाला लगेच उमजेल. तिथला द्रावक उसापासून येतो. काउका नदीच्या सपाट खोऱ्यात मैलोन्‌मैल ऊस आहे. उसाच्या मळीपासून अल्कोहोल, त्याच्यावर अॅसिटिक आम्लाची क्रिया केली की इथिल अॅसिटेट. पिकलेल्या फळांतही हा पदार्थ सापडतो आणि महाडच्या रासायनिक वसाहतीतही तो तयार होतो. मानिसालेसला दाणे आधी वाफेवर धरतात, म्हणजे त्यांची छिद्रे उघडतात. मग पाणी आणि इथिल अॅसिटेटच्या मिश्रणात ते तासन्‌तास राहतात. मिश्रण पुन्हा पुन्हा बदलतात. शेवटी वाफ देऊन उरलासुरला द्रावक घालवतात आणि दाणा पुन्हा दहा-बारा टक्के ओलाव्यापर्यंत वाळवतात. या कॉफीला किंचित गोडसर, फळासारखी चव येते आणि ती अनेकांना आवडते.

तिथवर पोचणारा दाणा कसा असतो, तेही पाहण्यासारखे आहे. काउका किंवा उइला प्रांतातल्या शेतावर पिकलेली लाल फळे हाताने खुडतात. घरामागच्या छोट्या यंत्राने गर काढतात, बुळबुळीत दाणे रात्रभर आंबवून धुतात आणि प्लास्टिकच्या कागदाच्या मांडवाखाली टरफलासकट वाळवतात. पोती खरेदी केंद्रावर गेली की तपासणारा त्यातून २५० ग्रॅम नमुना काढतो, टरफल उडवतो आणि किडके, काळे, फुटके दाणे बोटाने बाजूला सारतो. निर्यातीच्या ७० किलोच्या एका पोत्यासाठी टरफलासकट किती किलो माल लागेल, तो आकडा यातून निघतो. ९४ आला तर ठीक, ९० आला तर भाव चढतो, १०० आला तर शेतकऱ्याचे तोंड उतरते. बाजूला सारलेला हलका माल देशातच स्वस्तात विकला जातो. जुन्या काळी डीकॅफसाठी हलका मालही चाले. आता काउकातून मानिसालेसला जाणारी चांगली पोती या चाचणीतून उत्तीर्ण झालेली असतात. डीकॅफची चव सुधारली ती मुख्यतः या टप्प्यावर. कारखाना नसलेला गुण दाण्यात घालू शकत नाही, फार तर असलेला राखतो.

कारखाना जवळ आल्याने वाहतूक वाचली, वेळ वाचला आणि प्रक्रियेचे पैसे देशात राहिले. तरी फार भाबडे होण्याचे कारण नाही. मानिसालेसचा किंवा कोर्दोब्याचा कारखाना कॉफी शेतकऱ्यांच्या मालकीचा नाही. या भेदाचे मोल आपल्याला प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्यामुळे ठाऊक आहे. १९५०-५१च्या पहिल्या गळीत हंगामापासून तिथे ऊस पिकवणारा हाच कारखान्याचा सभासद होता. लॅटिन अमेरिकेतल्या लहान शेतकऱ्याने ओला माल धुणे-वाळवणे आपल्या हाती ठेवले, निर्यातही मिळवली, पण कॅफिन काढणारे पात्र अजून त्याच्या हाती आलेले नाही.

उसाबद्दलही एक गोष्ट पाकिटावर लिहिलेली नसते. ‘उसापासूनचा नैसर्गिक द्रावक’ हे आज विक्रीचे मोठे आकर्षण आहे. पण काउका नदीच्या ज्या खोऱ्यात हा ऊस उभा आहे, तिथल्या उत्तर काउकातल्या उसाखालच्या काही जमिनींवर नासा लोक आपला हक्क सांगतात. २०१४च्या अखेरीपासून कोरिंतोच्या परिसरात त्यांनी ऊस उपटून तिथे मका आणि घेवडा लावायला सुरुवात केली, पोलिसांशी चकमकी झाल्या, माणसे मेली. एका जमातीची डोंगरावरची कॉफी आणि तिच्याच हातून गेलेल्या सपाटीवरचा ऊस एकाच व्यापारात एकत्र येतात. हा इतिहास संपलेला नाही.

आजचा निकाल

एप्रिल २०२४मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने मिथिलीन क्लोराइडच्या बहुतेक वापरांवर बंदी आणली. अन्नपदार्थ तिच्या अखत्यारीबाहेरचे असल्याने डीकॅफ त्यातून सुटली. अन्न व औषध प्रशासनाकडे ती बंदी मागणारी याचिका त्याच सुमारास दाखल झाली होती. युरोपातल्या आणि अमेरिकेतल्या स्वस्त डीकॅफचा मोठा भाग अजूनही याच रसायनाने धुतला जातो आणि त्यामागची शेते अजूनही निनावी आहेत. त्याच वर्षी अमेरिकेची ब्रूअर्स कप स्पर्धा झाली. हाताने कॉफी गाळून परीक्षकांपुढे ठेवण्याची ही राष्ट्रीय स्पर्धा. ती ह्यूस्टनच्या वेइहोंग झांगने जिंकली आणि त्याच्या पेल्यातली कॉफी होती कोलंबियाच्या उइला प्रांतातल्या लॉस नोगालेस या शेतावरची डीकॅफ. नेहमीच्या, कॅफिनवाल्या उत्तमोत्तम कॉफ्यांना मागे टाकून ती पहिली आली.

या विजयाचे श्रेय एखाद्या नव्या द्रावकाला देणे चुकीचे होईल. रोझेलियुसच्या सहकाऱ्यांपासून त्सोझेलपर्यंतच्या रसायनशास्त्रज्ञांनी कॅफिन कसे काढावे हे शिकवले, आणि ते काम मोठेच. पण डीकॅफ पिण्याजोगी झाली ती चांगला दाणा तिच्या वाट्याला येऊ लागल्यावर. तो दाणा आला कारण वाहाकाच्या संघांनी दलाल बाजूला सारला, काउकाच्या आदिवासींनी जमीन परत घेतली आणि आपल्या मालाचे नाव आपल्याकडे ठेवण्याचा आग्रह शेतकऱ्यांनी धरला. म्हणून डीकॅफ घेताना पाकिटावर दोन गोष्टी वाचाव्यात. कॅफिन कशाने काढले ते, आणि कॉफी कुणी पिकवली ते. पहिली लिहिली असेल आणि दुसरी नसेल, तर दुकानदाराला विचारावे. विचारणारे वाढले की छापणारेही वाढतात, हे मॅक्स हॅवेलारच्या पहिल्या पाकिटापासून आजवर वारंवार दिसून आले आहे.